संस्थापक काही महिन्यांत बाहेर पडला, मग मंडळी कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "दिवाळी अंकासाठी रॉजर विल्यम्सवर लेख लिहिते आहे. एके ठिकाणी वाचलं की अमेरिकेतलं पहिलं बॅप्टिस्ट चर्च त्याने १६३८ साली स्थापन केलं. दुसरीकडे १६३९ आहे. तिसरीकडे म्हटलंय की तो काही महिन्यांतच ते सोडून गेला. आणि एका लेखात सगळा मान जॉन क्लार्क नावाच्या डॉक्टरला दिलाय. मग विल्यम्सला संस्थापक म्हणू का? संपादकांनी 'धर्मनिरपेक्षतेचा जनक' असं शीर्षक सुचवलंय, ते चालेल? आणि त्याचं चांगलं चित्र कोणतं?"

ताई, प्रश्न तीन आहेत, पण गाठ एकच आहे. सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या या धर्मोपदेशकाने चर्च का उभं केलं आणि लगेच का सोडलं, याचं कारण एकच होतं. (बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या बाळाला नव्हे, समजून विश्वास धरणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे ख्रिस्ती.) ते कारण हाती आलं की संस्थापक म्हणायचं की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. बरीच वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर नगर भागातल्या जुन्या मंडळ्यांची दप्तरं लावून देतो: बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, पाळकांची पत्रं, हिशेबाच्या चोपड्या. या कामात एक सवय लागते. 'स्थापना' हा शब्द दिसला की मी थांबतो आणि विचारतो, त्या दिवशी नेमकं काय झालं? कोण जमलं, कोणी कोणाला पाणी लावलं, कोणी लिहून ठेवलं? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की स्थापना नंतर ठरवली गेली, शताब्दीची पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा.

तुमच्या गोंधळाचं अर्धं मूळ 'चर्च' या शब्दात आहे. आपण चर्च म्हटलं की घंटा, मनोरा, कोनशिला डोळ्यांसमोर येते. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र 'मंडळी' म्हणतो, आणि इथे तोच शब्द योग्य आहे. विल्यम्सने वसवलेल्या प्रॉव्हिडन्स गावातल्या त्या मंडळीला पहिली साठेक वर्षं इमारतच नव्हती. लोक कोणाच्या घरी जमत, हवा चांगली असली की झाडाखाली. पहिलं साधं सभागृह १७०० साली पार्डन टिलिंगहास्ट या पाळकाने स्वतःच्या खर्चाने बांधलं. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते पांढरं, उंच मनोऱ्याचं सभागृह १७७५ चं आहे. विल्यम्सला जाऊन तेव्हा ब्याण्णव वर्षं झाली होती.

आता तारीख. १६३८ की १६३९, हे भांडण बऱ्याच अंशी पंचांगाचं आहे. त्या काळी इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. ही पद्धत १७५२ पर्यंत चालली. आपलं शक चैत्रात बदलतं आणि फाल्गुनातली घटना जुन्याच शकात पडते, तसंच. शिवाजी महाराजांचा जन्म आपण फेब्रुवारी १६३० मध्ये धरतो. त्या वेळचा लंडनचा कारकून तिथे १६२९ लिहिता. विल्यम्सच्या बाप्तिस्म्याची बातमी आपल्याला मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्या रोजनिशीत मिळते, आणि ती नोंद मार्चच्या मध्यावरची आहे. जुन्या हिशेबाने १६३८, आजच्या हिशेबाने १६३९. मंडळी स्वतः १६३८ धरते. तुम्ही 'मार्च १६३९ च्या सुमारास (जुन्या गणनेनुसार १६३८)' असं एकदा लिहा आणि पुढे चला. दिवाळी अंकाच्या वाचकाला याहून जास्त पंचांग नको असतं.

आता माणूस. विल्यम्स १६०३ च्या सुमारास लंडनमध्ये जन्मला, स्मिथफील्डच्या परिसरात वाढला. हीच ती जागा, जिथे आदल्या शतकात धर्ममतासाठी माणसं जिवंत जाळली गेली होती. बाप कापड-शिंप्यांच्या महाजनसंस्थेतला व्यापारी. पोराने लघुलेखन शिकून घेतलं आणि त्या कसबावर सर एडवर्ड कोक या बड्या कायदेपंडिताच्या नजरेत भरला. स्टार चेंबर न्यायालयातली भाषणं तो टिपून द्यायचा. कोकने त्याला शाळेत घातलं, पुढे केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजातून १६२७ मध्ये तो पदवीधर झाला. सत्तेसमोर उभं राहून 'कायदा काय म्हणतो' असं विचारायची खोड तिथलीच असावी. हा माझा अंदाज आहे, तसाच घ्या.

१६२९ मध्ये मेरी बर्नार्डशी लग्न आणि १६३० च्या डिसेंबरात ब्रिस्टलहून 'लायन' जहाजाने अटलांटिकपार. फेब्रुवारी १६३१ मध्ये बोस्टनला पोचला, तर तिथल्या चर्चने त्याला आल्याआल्या मोठं पद देऊ केलं. सत्ताविशीतल्या, नोकरी नसलेल्या, नव्याने संसार मांडलेल्या माणसाने ते नाकारलं. कारण काय, तर तुम्ही इंग्लंडच्या सरकारी चर्चशी नातं पूर्ण तोडलेलं नाही, म्हणून तुमची मंडळी शुद्ध नाही. माझ्या वर्गात इथे मुलं हसायची. पण हसू नका, हीच त्याच्या आयुष्याची किल्ली आहे. तो सेलमला गेला, मग प्लिमथला, पुन्हा सेलमला. प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने त्याच्याबद्दल लिहून ठेवलं की माणूस देवभीरू आणि आवेशी, अंगात पुष्कळ गुण, पण विचार ठाम बसलेले नाहीत.

१६३५ पर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या पुढाऱ्यांचा संयम संपला. त्याचं म्हणणं चार मुद्द्यांवर आलं होतं. एक, इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेने इथल्या मूळ रहिवाशांची जमीन इंग्रजांची होत नाही. दोन, ज्याच्या मनात श्रद्धा नाही त्याला देवाच्या नावाने शपथ घालू नये. तीन, इंग्लंडला गेलेल्या सदस्यांनी तिथल्या सरकारी पाळकांचे उपदेश ऐकू नयेत. चार, दहा आज्ञांपैकी पहिल्या चार म्हणजे माणूस आणि देव यांच्यातला मामला. तिथे मॅजिस्ट्रेटने हात घालू नये. तिसरा मुद्दा किती कर्मठ आहे आणि पहिला किती आधुनिक वाटतो ते बघा. चारही एकाच डोक्यातून आले आहेत. लेखात पहिला आणि चौथा ठेवून बाकीचे दोन गाळायचा मोह होईल. गाळू नका.

९ ऑक्टोबर १६३५ रोजी वसाहतीच्या जनरल कोर्टाने त्याला हद्दपार केलं. सहा आठवड्यांची मुदत होती; गप्प बसायच्या अटीवर ती वसंतापर्यंत वाढवली. तो गप्प बसला नाही, घरी माणसं जमवून बोलतच राहिला. जानेवारी १६३६ मध्ये त्याला पकडून थेट इंग्लंडच्या जहाजात बसवायचं ठरलं. कॅप्टन अंडरहिल माणसं घेऊन सेलमला पोचला तेव्हा पाखरू तीन दिवसांपूर्वीच उडालं होतं. विल्यम्सने म्हातारपणी, १६७० च्या एका पत्रात, गुपित सांगितलंय: निसटून नॅरागॅन्सेट उपसागराकडे जा असं त्याला खासगीत कळवणारा खुद्द विन्थ्रॉप होता. ज्या सत्तेने घालवलं, तिच्यातल्याच एका मोठ्या माणसाने वाट दाखवली. दोघांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. पात्रं काळी-पांढरी रंगवायच्या आधी हे लक्षात असू द्या.

मागे मेरी होती आणि दोन मुली. धाकटी फ्रीबॉर्न काही महिन्यांची. विल्यम्स बर्फातून चालत गेला. चौदा आठवडे भाकर म्हणजे काय आणि बिछाना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, अशा अर्थाचं तो लिहितो. वाचला तो वाम्पानोआग प्रमुख मॅसासॉइट आणि त्याच्या लोकांच्या आसऱ्यामुळे. वसंतात सीकाँकला पेरणी केली, तर प्लिमथकडून निरोप आला की ही आमची हद्द आहे, नदीपलीकडे जा. नदी ओलांडून नॅरागॅन्सेट प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांनी दिलेल्या जागेवर त्याने १६३६ मध्ये गाव वसवलं आणि देवाने सांभाळलं म्हणून नाव ठेवलं प्रॉव्हिडन्स. ही भूमी पैशाने नाही, प्रेमाने मिळाली, असं तो पुढे म्हणायचा. १६३८ मध्ये झालेल्या मुलाचं नावही त्याने प्रॉव्हिडन्सच ठेवलं.

गावाचा करार चार ओळींचा होता आणि त्यातला वजनदार भाग शेवटी येतो: बहुमताचा निर्णय पाळू, पण 'फक्त नागरी बाबतींत'. बोलायला सोपं. लगेच कस लागला. जोशुआ व्हेरिन नावाचा गावकरी आपल्या बायकोला, जेनला, विल्यम्सकडच्या उपासनेला जाऊ देईना, मारहाणही करायचा. मे १६३८ मध्ये गावाने ठराव केला की सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर बंधन घातल्याबद्दल व्हेरिनचा मताधिकार काढून घ्यावा. सभेत विरोधही झाला: नवऱ्याच्या आज्ञेत राहणं ही देवाचीच व्यवस्था, तेव्हा नवऱ्याला रोखणं हा त्याच्या सदसद्विवेकावरचा घाला नाही का? हा युक्तिवाद कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो ना? व्हेरिन बायकोला घेऊन सेलमला परतला. म्हणजे ठरावाने जेनच्या पदरात फार काही पडलं नाही. पण धर्मस्वातंत्र्याचा तिथला पहिला नोंदलेला तंटा एका बाईच्या उपासनेला जाण्यावरून झाला, हे तुमच्या लेखात यायलाच हवं. माझ्या मते चर्चच्या तारखेपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

आता तुमचा मुख्य प्रसंग. गावात काही लोक असं मानू लागले की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देणं निरर्थक आहे. जो समजून-उमजून विश्वास धरतो त्यालाच तो द्यावा. विन्थ्रॉपच्या नोंदीप्रमाणे हे वारं विल्यम्सच्या डोक्यात घातलं ते मॅसॅच्युसेट्सने धर्ममतावरून हद्दपार केलेल्या अ‍ॅन हचिन्सनच्या बहिणीने, मिसेस स्कॉटने. विन्थ्रॉपला दोष बायकांवर टाकायची हौस होती, म्हणून हे जरा बेतानेच घ्या. मग पेच असा पडला की सगळ्यांचे बाप्तिस्मे लहानपणी, सरकारी चर्चमध्ये झालेले, म्हणजे नव्या मताने बाद. आता खरा बाप्तिस्मा द्यायचा कोणी? ज्याला स्वतःला दीक्षा नाही तो दुसऱ्याला दीक्षा कशी देणार? तोडगा निघाला: सेलमहून आलेल्या इझिकिएल हॉलिमन नावाच्या साध्या माणसाने विल्यम्सला बाप्तिस्मा दिला, मग विल्यम्सने हॉलिमनला आणि आणखी दहाएक जणांना. झाली बारा-एक जणांची मंडळी. हीच तुमची 'स्थापना'.

आणि जुलैत विन्थ्रॉप लिहितो की विल्यम्सला आता आपल्या या दुसऱ्या बाप्तिस्म्याबद्दलही शंका आहे. शंका कोणती? तीच, जी तोडग्याने झाकली होती. हॉलिमनला अधिकार दिला कोणी? येशूने प्रेषितांना दिला, त्यांनी पुढे दिला, पण रोमन सम्राटांनी धर्माला राजाश्रय दिला तेव्हा ती साखळी तुटली, असं विल्यम्सचं मत झालं. देव नवे प्रेषित पाठवील तोपर्यंत खरी मंडळी उभी करण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणजे बोस्टनचं पद त्याने ज्या कारणाने नाकारलं, त्याच कारणाने स्वतःची मंडळी सोडली: पुरेशी शुद्ध नाही. असा तो पहिला नव्हता. १६०९ मध्ये हॉलंडमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज पाळकाने स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला, आणि लवकरच त्यालाही वाटलं की घाई झाली.

यावरून विल्यम्स बॅप्टिस्टांच्या विरोधात गेला असं मात्र लिहू नका. १६४९ च्या एका पत्रात तो म्हणतो की या लोकांची रीत इतर सगळ्या रीतींपेक्षा ख्रिस्ताच्या मूळ रीतीच्या जवळ जाते, पण अधिकाराबद्दल माझं समाधान होत नाही. तो पुढे कुठल्याच मंडळीत सामील झाला नाही. मंडळी मात्र टिकली. चॅड ब्राउन, थॉमस ओल्नी, विल्यम विकेंडन अशा माणसांनी ती चालवली. १६५२ मध्ये डोक्यावर हात ठेवण्याच्या विधीवरून भांडून फुटली, तरी संपली नाही.

मग संस्थापक म्हणायचं का? ते तुमचा अंक कोण वाचणार यावर आहे. सर्वसाधारण वाचकासाठी 'संस्थापक' चालेल, पण पुढच्याच वाक्यात तो बाहेर पडल्याचं यायला हवं. ख्रिस्ती नियतकालिकासाठी लिहीत असाल तर मी 'पहिल्या बारा जणांपैकी एक' असं लिहीन, कारण तिथला वाचक लगेच विचारेल की पाळक म्हणून किती दिवस होता. नोंदवही लावताना मी हेच करतो: मंडळी सुरू करणारा आणि चालवणारा, दोन रकाने ठेवतो. दोन्हीत एकच नाव क्वचित येतं.

जॉन क्लार्कचा मान वेगळा आणि खणखणीत आहे. सफोकचा हा डॉक्टर १६३७ मध्ये बोस्टनला आला, तिथल्या धर्मवादाला कंटाळून दक्षिणेला सरकला आणि न्यूपोर्ट वसवणाऱ्यांपैकी एक झाला. त्याची तिथली मंडळी १६४४ पर्यंत नक्कीच बॅप्टिस्ट होती. आमची मंडळी आधीची, असा दावा न्यूपोर्टकडून एकोणिसाव्या शतकात जोरात झाला. उपलब्ध नोंदी मात्र प्रॉव्हिडन्सकडे झुकतात. फरक असा की क्लार्कने मंडळी सोडली नाही आणि त्यासाठी किंमत मोजली. जुलै १६५१ मध्ये तो, ओबडाया होम्स आणि जॉन क्रँडल मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत लिन इथे एका वृद्ध, अंध सोबत्याला भेटायला गेले, घरात उपासना केली आणि पकडले गेले. क्लार्कला २० पौंड दंड, क्रँडलला ५, होम्सला ३०. क्लार्कचा दंड मित्रांनी भरला. होम्सने कोणाला भरू दिला नाही. ५ सप्टेंबरला बोस्टनमध्ये त्याच्या उघड्या पाठीवर तीन पदरी चाबकाचे तीस फटके पडले. सुटल्यावर तो मॅजिस्ट्रेटांना म्हणाला, तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत. पुढचे कित्येक दिवस त्याला फक्त गुडघ्यांवर आणि कोपरांवर टेकून झोपता आलं. क्लार्कने ही हकिगत १६५२ मध्ये लंडनमध्ये छापली आणि तिथेच ठाण मांडून १६६३ ची राजसनद मिळवली. धर्ममतावरून कोणाला त्रास देऊ नये हे कलम तिच्यात राजाच्या सहीशिक्क्याने आलं. बॅप्टिस्ट मंडळीचं आणि प्रॉव्हिडन्स, न्यूपोर्ट ज्यात येतात त्या ऱ्होड आयलंड वसाहतीचं पुढचं आयुष्य यावर उभं आहे. तुमचा एक परिच्छेद क्लार्कला आणि त्यातली दोन वाक्यं होम्सच्या पाठीला द्या.

आता शीर्षक. 'धर्मनिरपेक्षतेचा जनक' मी वापरणार नाही. आपल्याकडे या शब्दाला दोन छटा आहेत: सर्व धर्मांना सारखा मान, किंवा धर्माबद्दल उदासीन शासन. विल्यम्स दोन्हींत बसत नाही. त्याला सर्व धर्म सारखे वाटत नव्हते. कॅथलिक, ज्यू, मुसलमान, मूळ रहिवासी आणि बहुतेक प्रोटेस्टंटही चुकीच्या वाटेवर आहेत असं तो मानायचा. तरीही त्या सगळ्यांना मोकळं ठेवा, असं त्याने १६४४ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात लिहिलं आणि इंग्लंडच्या पार्लमेंटने ते पुस्तक जाळायचा हुकूम काढला. मोकळं का ठेवायचं? कारण बळजबरीची उपासना देवाच्या नाकाला दुर्गंधीसारखी लागते. शब्द त्याचेच आहेत. चर्च ही बाग, जग हे रान. दोहोंमधलं कुंपण मोडलं की रान बागेत शिरतं. कुंपण बागेच्या भल्यासाठी होतं. पुढे १८०२ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याने डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात चर्च आणि शासन यांच्यातली 'भिंत' आली, तिच्यामागे शासनाचीही काळजी होती. दोन्ही भिंती एकच समजून लिहिलेले लेख माझ्या हाताखालून बरेच गेले आहेत.

म्हणजे शासनाबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं का? होतं. १६५५ मध्ये प्रॉव्हिडन्समधले काही जण म्हणू लागले की सदसद्विवेक मोकळा असेल तर लष्करी पहाऱ्याचीही सक्ती नको. विल्यम्स तेव्हा वसाहतीचा अध्यक्ष होता. त्याने गावाला पत्र लिहून जहाजाचं उदाहरण दिलं: एकाच जहाजावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि तुर्क असतात. कोणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला ओढू नये, आणि ज्याला स्वतःची प्रार्थना करायची त्याला अडवू नये. पण जहाज कुठे न्यायचं ते कप्तानच ठरवणार, भाडं सगळ्यांनी भरायचं, आणि कोणी बंड केलं तर कप्तानाने त्याला शिक्षा करायची. वर्गात त्याचा एकच मजकूर वाचायला वेळ असेल तर मी हा वाचतो.

शीर्षकात 'सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य' किंवा नुसतं 'हद्दपार' चालेल. संपादक ऐकणार नसतील तर प्रश्नचिन्ह टाका.

मूळ रहिवाशांशी त्याचं नातं हा लेखातला सगळ्यात निसरडा भाग. १६४३ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावर त्याने नॅरागॅन्सेट भाषेवरचं पुस्तक लिहिलं. शब्द आणि वाक्यं संभाषणातूनच मांडलेली, मधूनमधून कविता. इंग्रजा, जन्माचा आणि रक्ताचा गर्व करू नकोस, तुझा इंडियन भाऊ जन्माने तितकाच चांगला आहे, असं एका कवितेत म्हटलंय. (मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापणारा विल्यम कॅरी हाही बॅप्टिस्टच. पण कॅरीला बायबल पोचवायचं होतं.) विल्यम्सला वाटलं असतं तर तो त्या लोकांचे ढिगाने बाप्तिस्मे करू शकला असता, तो स्वतःच तसं सांगतो. केले नाहीत, कारण मन न बदलता पाणी लावणं म्हणजे पुन्हा तीच बळजबरी आणि तोच खोटा धर्म. मिशनच्या इतिहासात रमणाऱ्या आम्हा लोकांना हे वाक्य टोचतं.

पण १६३७ च्या पीक्वॉट युद्धात त्याने नॅरागॅन्सेटांना इंग्रजांच्या बाजूला ठेवायला मदत केली आणि नंतर कैद्यांमधला एक मुलगा स्वतःसाठी मागून घेतला. १६७६ च्या मार्चमध्ये इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या दुसऱ्या एका युद्धात प्रॉव्हिडन्स जळालं, त्याचंही घर गेलं. सत्तरी ओलांडलेला विल्यम्स त्या वेळी गावच्या शिबंदीचा कप्तान होता. युद्ध संपल्यावर पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक वर्षांच्या गुलामीत विकण्याची व्यवस्था गावाने केली, आणि त्या कामाच्या समितीत त्याचं नाव आहे. ज्यांनी बर्फात आसरा दिला त्यांच्याच आप्तांची ही विक्री. हे गाळलंत तर लेख उत्सवमूर्तीचा होईल.

क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचं प्रकरण थोडक्यात. त्यांची मतं त्याला मुळीच पटत नव्हती. १६७२ मध्ये, सत्तरीच्या आसपास असताना, तो दिवसभर स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी तीन दिवस वाद घातला. मग एक दिवस प्रॉव्हिडन्सला. त्यांच्या उद्धट वागण्याला जरा आळा घालायला हरकत नाही, असंही लिहून बसला. तरी बोस्टनने १६५९ ते १६६१ मध्ये चार क्वेकरांना फासावर दिलं, तेव्हा ऱ्होड आयलंडने ते सत्र आपल्याकडे येऊ दिलं नाही.

महाराष्ट्राशी धागा जोडायचा असेल तर ओढूनताणून जोडू नका, एक खरा धागा आहे. ज्या मॅसॅच्युसेट्सने विल्यम्सला घालवलं, तिथल्याच, तान्ह्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या वारसांनी १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था काढली, आणि तिचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. १८३१ मध्ये हे मिशन नगरला आलं. म्हणूनच मी लावतो त्या वह्यांमध्ये तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत. त्याच पहिल्या तुकडीतले अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस हिंदुस्थानला येता येता बाप्तिस्म्याबद्दल पुन्हा विचार करू लागले आणि कलकत्त्यात पोचल्यावर बॅप्टिस्ट झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. तो शिकला होता प्रॉव्हिडन्सच्याच, बॅप्टिस्टांनी १७६४ मध्ये काढलेल्या कॉलेजात, आजच्या ब्राउन विद्यापीठात. आणि मॅसॅच्युसेट्सने चर्चसाठी कर घेण्याची पद्धत घटनेतून काढली ती १८३३ मध्ये, म्हणजे नगरचं मिशन सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. विल्यम्सची हद्दपारी तिथल्या विधिमंडळाने रद्द केली १९३६ मध्ये, तीनशे वर्षांनी.

राहिलं चित्र. त्याच्या हयातीतलं एकही चित्र नाही. पुतळे आहेत, ते शिल्पकारांच्या कल्पनेतले. वापरलेत तर तसं खाली लिहा. १६८३ मध्ये तो वारला आणि घरामागे पुरला गेला, पण दगडही लावला नव्हता. १८६० मध्ये लोकांनी ती जागा शोधून खणली, तर हाडांऐवजी सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ निघालं: कण्यासारखं खाली गेलेलं, कमरेशी दोन फाटे, गुडघ्याशी वाकलेलं, पावलाशी वर वळलेलं. ऱ्होड आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीने ते जपून ठेवलंय. मी तुमच्या जागी असतो तर त्याचाच फोटो परवानगीने छापला असता. फोटोओळ मात्र जपून लिहा: थडगं त्याचंच होतं ही खूण गावच्या आठवणीवर बेतलेली आहे, आणि फोटोत दिसतंय ते सफरचंदाचं मूळ आहे.